बांधावरच्या चपला

"चप्पल मन्ही शे, सरकारनी नही," असं म्हणत आमचे तलाठी आप्पा बांधावर चपला काढून ठेवत आणि अनवाणी चिखलात उतरत. नुकसानीचा पंचनामा रस्त्यावरूनच मान हलवून उरकता येतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. आप्पांना एवढीही अक्कल नव्हती. ते पपईच्या ओळीओळीतून फिरत आणि विनवण्या करणाऱ्याला एकच उत्तर देत, "जे दिसी, तेच लिखसू."

मी ब्राह्मणपुरीचा. ट्रकमध्ये पपई भरायची हमाली करत करत स्वतःची बाग उभी केली. दिल्लीच्या व्यापाऱ्याला भावासाठी घाम फोडणारा माणूस मी. माझ्यापुढे तलाठी म्हणजे काय!

त्या वर्षी अवकाळी वादळात माझी अर्धी बाग आडवी झाली. रडत बसायची मला सवय नाही. लगेच मजूर लावले, कच्ची फळं मिळेल त्या भावात काढली, खोडं नाल्यात फेकली आणि मोकळ्या रानात नांगर फिरवला. शेजारी मात्र पडलेल्या झाडांना सोबत म्हणून स्वतःही खाटेवर पडून राहिला.

आप्पा आले. नांगरलेल्या जमिनीकडे बघत म्हणाले, "भाऊ, पडेल झाडे कोठे शेतस?"

"उचली टाकात. प्रदर्शन शे का मांडी ठेवाले?"

मी उरलेल्या झाडाची पिकली पपई कापून पुढे धरली. आप्पांनी दोन फोडी खाल्ल्या, "गोड शे," म्हणाले, आणि नुकसान शून्य लिहून चपला घालून निघाले. पपई फुकट गेली.

शेजाऱ्याला अनुदान मंजूर झालं. मला नाही. मी चावडीत सगळ्यांसमोर ओरडलो, "आप्पा, आळशीले बक्षीस आनि कष्टाळूले दंड? हाऊ कोणता कायदा?"

"कायदा मी नही करेल, भाऊ. मी फक्त देखस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधावर त्यांच्या चपला दिसल्या. मला वाटलं, आले माफी मागायला. पाहतो तर आप्पा धोतरासारखी पँट वर खोचून नाल्यात उतरलेले. माझी खोडं शोधत होते! एखादं जरी दिसलं असतं तरी त्यांनी लिहिलं असतं. पण मधल्या पावसाने नाला धुऊन काढला होता. कमरेपर्यंत चिखलाने माखून वर आले.

"सगळं वाही गयं, भाऊ."

मी पाणीसुद्धा विचारलं नाही. राग होता. अजूनही आहे.

पुढे त्यांची बदली वर धडगावच्या डोंगरात झाली. अशा माणसाची कदर करायला सरकार उशीर लावत नाही.

यंदा पुन्हा वादळ आलं, पुन्हा बाग पडली. मी शहाणा झालो होतो; एका झाडाला हात लावू दिला नाही. नव्या तलाठी भाऊसाहेबांनी फोनवर सांगितलं, "यायची गरज नाही, फोटो पाठवा." पाठवला. शेजाऱ्याच्या आधी माझं अनुदान खात्यात जमा झालं. मी जिंकलो, असं लोक म्हणतात.

पपई कुजून वास सुटलाय. बायको रोज म्हणते, "पैसा उना ना? मंग आते तरी उचला ती झाडे."

मी बांधापर्यंत जाऊन येतो. तिथे चपला नसतात.

"राहू दे आखो दोन दिन," मी तिच्यावर खेकसतो.