रफीकचा हाकेचा रकाना

रफीक गेल्याचा फोन आला तेव्हा मी बदनापूर स्टेशनाबाहेर चहा पीत होतो. समोर त्याच्याच दुकानाचं शटर बंद दिसत होतं आणि मी मनातल्या मनात म्हणत होतो, आज लेकाला उशीर झाला... त्याला आता महिना होऊन गेला.

आम्ही कॉलेजचे सोबती. माझ्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला, त्याच्या घराण्यात तो. हे सांगताना मला आजही छाती फुगवावीशी वाटते. जालन्यात एका खोलीत राहायचो. वडीगोद्रीहून माझी शांताआत्या एस.टी.च्या कंडक्टरच्या हाती डबा धाडायची. तो दोघांना पुरेल एवढा असायचा, कारण रफीकला तिनं कधी परका धरलाच नाही.

पुढं मी नोकरी धरली. त्यानं पत्रिका छापायचं दुकान टाकलं आणि नव्वदच्या दशकात काँप्युटर आणला. पोस्टकार्डाचा साचा एकदा बसवला की यादीतलं एकेक नाव एकेका कार्डावर आपोआप छापून यायचं. कार्ड तिरपं जायचं, नाव तिकिटावर चढायचं, पण हा गडी जागचा हलायचा नाही. "ज्याच्या हातात पडंल त्याला वाटलं पाहिजे, हे माझ्यासाठीच छापलंय," म्हणायचा.

माझ्या धाकट्या बहिणीचं, कमलचं, लग्न ठरलं. शांताआत्या येईल की नाही, हाच तिला घोर होता. मामा, म्हणजे आत्याचे यजमान, गेल्यापासून ती कुणाच्याच लग्नाला जात नव्हती. पत्रिकेवर नावाआधी विधवेचं 'गं. भा.' छापलेलं असायचं. "माझं दुःख आधी छापता, अन् वर म्हणता मांडवात ये," असं ती एकदा बोलली होती.

रफीकच्या दुकानात यादी करताना कमल म्हणाली, आत्याला 'गं. भा.' नको. वडील मात्र अडून बसले. "सौ., चि., गं. भा., ज्याचं त्याला लावायलाच पाहिजे. रीत हाय ती."

रफीकनं ऐकून घेतलं आणि यादीतला तो अख्खा रकानाच पुसून टाकला.

"मंग काय, उघडं नाव छापतो का?" वडील म्हणाले.

"न्हाई काका. पत्र कमलचं हाय ना? मंग ती ज्याला जी हाक मारते, तीच छापू." नव्या रकान्यावर त्यानं शब्द टाकला, 'हाक'. कमल शेजारी बसून सांगत गेली... नानाकाका, राजूरची मावशी, मोठीआई.

मग यादी अकारविल्हे लावताना नावं सरकली आणि हाका जागेवरच राहिल्या. पहिलं कार्ड बाहेर आलं ते कमलच्या होणाऱ्या सासऱ्यांचं. वर छापलेलं, 'पिंट्या'! कमलनं कपाळाला हात लावला. रफीक म्हणाला, "राहू दे गं. पहिल्याच दिवशी सासरा काबूत येईल!" वडील हसून हसून खोकायला लागले. त्यांचा राग गेला तो तिथंच. रफीकनं सगळी यादी पुन्हा बसवली.

आत्याचं कार्ड असं निघालं: 'शांताआत्या, तू आलीस तरच मी बोहल्यावर चढणार. तुझी कमल.'

हळदीच्या आदल्या दिवशीच आत्या दारात हजर. पिशवी खाली न ठेवता म्हणाली, "रफ्या कुठंय? खाल्लेलं अन्न लागलं म्हणायचं त्याला!" अक्षता टाकताना ती सगळ्यांत पुढं होती.

रफीक शिकलेला होता, हुशार होता. तसे पुष्कळ असतात. पण काँप्युटरला माणसाचं नातं विचारायला लावणारा मी तरी दुसरा पाहिला नाही.

आता दिवाळीनंतर माझ्या मुलीचं लग्न आहे. परवा ती पत्रांची यादी करत बसली होती. आत्या शेजारीच होती, आता थकलेली, पण कान तिखट. रफीकची बायको शबाना अजून इद्दतीत आहे, नवरा गेल्यावरचे ते दिवस घरातच काढते आहे. तिच्या नावाशी मुलगी थबकली.

"आजी, शबानाचाचीला काय लिहायचं गं आता?"

"काय म्हंजे? सूनबाई लिही," आत्या म्हणाली, "अन् खाली माझं नाव टाक. टपालात टाकू नको. मी सोता नेऊन देते."