रेखाताईंचं गिऱ्हाईक

हे इतकी वर्षं कुणालाच सांगितलं नव्हतं — बायकोलाही नाही. कसं सांगणार? घरात मी भला माणूस आहे ना!

वडवणीत मेंढरांचा विमा काढणाऱ्या एका ऑफिसात मी होतो. पगार चहापाण्यापुरता, बाकी कमिशन. विमा झाला की मेंढराच्या कानात बिल्ला मारायचा. अर्जावर ज्याचं नाव, कमिशन त्याचं. एका टेबलावर डबा खायचा आणि एकमेकांच्या गिऱ्हाइकावर डोळा ठेवायचा — अशी ती नोकरी. पण नोकरीला नावं ठेवून काय उपयोग? तोंड तर माझंच होतं.

रेखाताई आमच्यात नवीन. उन्हातान्हात रानोमाळ फिरून त्यांनी बिरूआबा या म्हाताऱ्या मेंढपाळाला तयार केलं होतं. आबांनी हो म्हटलं की सगळे भाऊबंद मागोमाग येणार, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक. बाजाराच्या दिवशी आबा आले, "त्या बाई कुठं हाईत?" म्हणाले. ताई लेकीला ताप म्हणून रजेवर होत्या.

आणि मी — काय सांगू — मी म्हणालो, "तेनी काम सोडलं, आबा. मी देतो की करून."

एवढ्यावर थांबलो असतो तर? नाही थांबलो. दुसऱ्या दिवशी ताईंना सांगितलं, "आबा म्हणले, बाईमाणसाकडनं नको." त्यानंतर ताई मेंढपाळांच्या एकाही वाड्यावर गेल्या नाहीत. टार्गेट हुकलं, साहेबांनी काढून टाकलं. त्यांची पिशवी स्टँडपर्यंत मीच उचलली — केवढा निर्लज्ज!

परवा कडा गावाला गेलो होतो. पशुखाद्याच्या दुकानात आत पेंड मोजत बसलेल्या ताई दिसल्या. पुढं नवरा. "गिऱ्हाइकाशी हेच बोलतेत," त्या हसून म्हणाल्या, "मला जमत न्हाई ते."

मला राहवलं नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

"म्हंजी... आबा मला नको म्हणलेच नव्हते?"

"नाही, ताई. तुमचंच नाव विचारत आले होते."

त्या पुन्हा पेंड मोजायला लागल्या. माझ्याकडं पाहिलंही नाही. का पाहावं?

तेवढ्यात एक मेंढपाळ दुकानात आला. नवरा उठायला लागला. ताईंनी हात झटकले, त्याला बसवलं आणि स्वतः पुढं गेल्या.

"या मामा! कुणाच्या रानात बसवलीत मेंढरं?"