नाव कापलेली पाकिटं

पद्मनाभराव दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी बनशंकरी देवीच्या देवळात जातात, हे बंगळुरातल्या येलहंकाच्या त्या दोन ब्लॉकच्या अपार्टमेंटमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. बसनं मॅजेस्टिक, तिथून मेट्रो, आणि परत येताना कपाळाला कुंकू. शेजारणी त्यांच्या बायकोला, कस्तुरीबाईंना, म्हणत, "तुमच्या यजमानांची देवीवर काय श्रद्धा हो अक्का!" कस्तुरीबाई हसून विषय बदलत. आता दर्शन घेत नसत असं नाही, पण ते पाच मिनिटांत उरकत. खरं काम देवळापलीकडच्या गल्लीतल्या औषधाच्या दुकानात असे. चिठ्ठी दाखवायची, तीस गोळ्या घ्यायच्या, पिशवीत प्रसादाच्या पुडीखाली सारायच्या आणि घरचा रस्ता धरायचा. औषधाचं दुकान त्यांच्या फाटकासमोरही होतं. पण तिथला दुकानदार त्यांना नावानं ओळखत होता, आणि नेमकी तीच अडचण होती.

गोळी साधीच, क्लोनाझेपामची, रात्री झोपताना एक. एकोणीस वर्षांपूर्वी विमान कारखान्याच्या तपासणी विभागात एका सकाळी सही करायला त्यांनी पेन उचललं आणि हाताची थरथर थांबेना. छाती धडधडू लागली, शर्ट घामानं चिंब झाला, आता आपलं काही खरं नाही असं वाटलं. हृदय ठणठणीत निघालं. मग मानसोपचाराच्या डॉक्टरांनी ही गोळी लिहून दिली आणि महिन्याभरात माणूस पुन्हा कामाला लागला. पण विमानाच्या भागांवर ज्याची सही चालते तो डोक्याची गोळी घेतो, हे कारखान्यात कळलं असतं तर सही गेली असती आणि खुर्चीही. म्हणून लपवलं. पुढे निवृत्त झाले, सही गेली, खुर्ची गेली, तरी लपवणं काही सुटलं नाही. रिकाम्या पाकिटावरचं औषधाचं नाव ते नखं कापायच्या कात्रीनं कापून काढत, आणि चार-सहा पाकिटं साठली की सकाळी फिरायला जाताना बी ब्लॉकच्या सुक्या कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकत. स्वतः राहायचे ए ब्लॉकमध्ये. कारखान्यानं एक हुशार इंजिनिअर घडवला होता, त्याची हुशारी ही अशी खर्ची पडत होती.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना असोसिएशनचा सेक्रेटरी रविकिरण घरी आला. जवळच्या कॉलेजात ड्रग्जचं एक प्रकरण झालं होतं आणि आईबापांचं धाबं दणाणलं होतं. "सार, मुलं काय भाषेत बोलतात ते आम्हाला कळतच नाही. तुम्ही सिन्सियर माणूस. शब्दांची एक यादी करून द्या, आणि रविवारी पालकांना समजावून सांगा."

पद्मनाभराव कामाला लागले. वॉचमनला विचारलं, रिक्षावाल्यांना विचारलं, कॉलेजातल्या भाच्याला फोनवर पिडलं. आठवड्याभरात सव्वीस शब्द जमले. गांजाला सोप्पु म्हणतात हे ऐकून कस्तुरीबाई म्हणाल्या, "अय्यो, मग मी रोज दारावर दोन जुड्या सोप्पु घेते, मला धरा आधी." कानडीत पालेभाजीला सोप्पुच म्हणतात. नशेचं औषध मुरवलेला कागदाचा तुकडा जिभेखाली धरायचा, ते तिकीट. विकत मिळवणं म्हणजे स्कोर करणं. आणि अकरावा शब्द बटण. झोपेच्या, घबराटीच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळवून नशेसाठी मूठभर गिळतात, त्यांना पोरं बटण म्हणतात. हा शब्द टाइप करताना पद्मनाभरावांची बोटं अडखळली. पण यादी प्रामाणिक असायला हवी म्हणून त्यांनी तो ठेवला.

रविवारचं व्याख्यान छान झालं. शेवटी एका बाईंनी विचारलं, "पण घरात कोणी घेत असेल तर ओळखायचं कसं?" पद्मनाभराव रंगात आलेले. म्हणाले, "कचरा बघा. ज्याला लपवायचं असतं तो पाकिटावरचं नाव कापून टाकतो." हे आपण कुणाच्या अनुभवावरून बोललो, ते लक्षात येईपर्यंत वाक्य संपलं होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते.

बुधवारी सुका कचरा निवडताना सफाईवाल्या मुनियम्माला बी ब्लॉकच्या ड्रममध्ये सहा पाकिटं सापडली, सगळ्यांची नावं कापलेली. एकावर कात्री जरा घसरली होती आणि नावाची शेवटची पाच अक्षरं राहिली होती. रविकिरणनं फोनवर शोधलं, यादी काढली आणि अकराव्या शब्दावर बोट ठेवलं. मग त्याला फार विचार करावा लागला नाही. बी ब्लॉकमध्ये तिसऱ्या मजल्यावर नागपूरचा ध्रुव एकटा भाड्यानं राहायचा. अमेरिकेच्या वेळेवर काम, दिवसा झोप, खांद्यापर्यंत केस आणि दारात सतत जेवणाची पार्सलं. लग्न न झालेल्या भाडेकरूला या शहरात याहून अधिक गुन्हा करावा लागत नाही. रविकिरणनं भाड्याच्या फॉर्मवरचा वडिलांचा नंबर काढून नागपूरला फोनही करून टाकला. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मीटिंग, आणि पोराला घर सोडायची नोटीस.

हे पद्मनाभरावांच्या कानावर त्याच दिवशी आलं. बुधवारी ते चार वेळा फाटकापर्यंत गेले आणि चार वेळा परत आले. गुरुवारी रविकिरणला गाठून म्हणाले, "असं बघ, एखाद्या म्हाताऱ्याचीही असतील ती."

"सार, बी ब्लॉकमध्ये म्हातारं कोण आहे? आणि म्हातारा नाव कशाला कापेल?"

पद्मनाभराव मागे वळले. घरी येऊन त्यांनी एक निनावी चिठ्ठी टाइप केली, पुसली, पुन्हा केली, पुन्हा पुसली. वर्तमानपत्र हातात घेत आणि एकच ओळ वाचत बसत. पाय सारखा हलत होता. कस्तुरीबाई समोर शेंगा सोलत होत्या. त्यांनी एकदा त्या पायाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे.

"मी काही सांगणार नाही," त्या म्हणाल्या. "फक्त एवढं विचारते, तो पोरगा जेवतो का नाही हे कुणी पाहिलं का?"

पोरगा शुक्रवारी दुपारी स्वतःच आला. डोळे सुजलेले. "काका, तुम्ही मराठी आहात, तुम्ही तर बोला ना त्यांच्याशी. मी साधी सिगरेटपण नाही पीत. ब्लड टेस्ट करा, युरिन टेस्ट करा, काय पाहिजे ते करा. घर दुसरं भेटून जाईल, बेळ्ळंदूरला मित्र आहे. पण बाबा म्हणतात खरं सांग आणि सामान घेऊन परत ये. ते माझं ऐकूनच नाही राहिले."

पद्मनाभराव म्हणाले, "बघतो." एवढंच. कस्तुरीबाईंनी त्याला पोळीभाजी वाढली. तो मान खाली घालून जेवला, ताट स्वतः विसळलं आणि गेला. दार लागल्यावर पद्मनाभरावांना स्वतःची मनापासून शिसारी आली. घाबरट आपण पहिल्यापासून होतोच, पण आपल्या भित्रेपणाची किंमत परक्याच्या पोरानं मोजावी इतके खाली कधी गेलो होतो, असं त्यांच्या मनात आलं.

शनिवारी त्यांनी डॉक्टरांची चिठ्ठी खिशात घातली. कस्तुरीबाई साडी बदलून आधीच दाराशी उभ्या होत्या. मीटिंगला वीसेक माणसं. ध्रुव कोपऱ्यातल्या खुर्चीवर. रविकिरणनं नोटीस वाचायला घेतली तेव्हा पद्मनाभराव उठले. त्यांनी टेबल धरलं, आणि चांगल्या ऑफिशियल इंग्रजीत सांगितलं की ती पाकिटं त्यांची आहेत, हे त्यांचं मेडिकेशन आहे, एकोणीस वर्षांपासून त्यांना अँग्झायटी डिसऑर्डर आहे आणि हे प्रिस्क्रिप्शन. कारखान्यात तपासणीचा अहवाल वाचून दाखवावा तसं. रविकिरणनं प्रिस्क्रिप्शन उलटंपालटं करून पाहिलं आणि परत दिलं.

"सार, बुधवारीच सांगायचं होतं," तो म्हणाला. नोटीस रद्द झाली. पुढचा विषय पाण्याच्या टँकरचा होता, त्यावर जास्त वेळ भांडण झालं.

इतकी वर्षं ज्याला घाबरलो ते सात मिनिटांत आटोपलं, याचं पद्मनाभरावांना जरा वाईटच वाटलं. पण ध्रुव त्यांच्या मागोमाग घरापर्यंत आला आणि दारातच उभा राहिला.

"काका, हेच बाबांना सांगता का? माझ्यावर विश्वास नाही त्यांचा." फोन लावलेलाच होता.

ध्रुवचे वडील सुहासराव नागपूरला शाळेत शिकवायचे. आवाज थकलेला. पद्मनाभरावांनी ओळख सांगितली, पाकिटं आपली होती हे सांगितलं.

"तुम्ही मोठ्या मनाचे आहात जी. पण पोराला झाकू नका. मी बाप आहे, मला खरं कळलं पाहिजे."

"नाही हो, खरंच माझी आहेत. मला अँग्झायटी आहे."

"म्हणजे टेन्शन? टेन्शन तर सगळ्यांनाच राहते. त्याच्यासाठी कोणी गोळ्या घेऊन पाकिटाचं नाव कापते का?"

पद्मनाभराव अडकले. इंग्रजीत जे धडाधड म्हणता आलं, ते मराठीत म्हणायला तोंडच उघडेना. रस्त्यावरच्या सव्वीस शब्दांची यादी करणाऱ्या माणसाला स्वतःच्या दुखण्याबद्दल घरच्या भाषेत काय बोलायचं ते कळत नव्हतं. त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मला भीती वाटते," ते म्हणाले. "कशाची ते मला सांगता येत नाही. काहीच झालेलं नसतं, आणि आता काहीतरी वाईट होणार असं वाटतं. हात कापतात. गोळी घेतली नाही तर दुसऱ्या दिवशी घराबाहेर पडवत नाही. लोक मला वेडा म्हणतील म्हणून नाव कापत होतो. तुमच्या पोराचा यात काही दोष नाही."

सुहासराव हळूच म्हणाले, "हे त्यानं तुम्हाला बोलायला नाही ना लावलं?"

कस्तुरीबाईंनी फोन नवऱ्याच्या हातातून अक्षरशः ओढून घेतला. "नमस्कार, मी यांची बायको बोलते. एकोणीस वर्षं ही गोळी मी माझ्या हातानं देते, पाण्याच्या पेल्यासकट. आजपर्यंत भावालासुद्धा सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगते. आता तरी पटलं का? तुमचं पोर गेले तीन दिवस धड जेवलेलं नाही. त्याला परत बोलावू नका. आधी त्याची माफी मागा." आणि फोन ध्रुवच्या हातात दिला.

ध्रुवनं फोन कानाला लावला. पलीकडचं या दोघांना काही ऐकू येत नव्हतं. तो "हो बाबा" म्हणाला, पुन्हा "हो बाबा" म्हणाला, आणि भिंतीकडे तोंड करून रडू लागला. मग तसाच डोळे पुसत, बोलत बोलत जिना उतरून गेला.

कस्तुरीबाई दार लावून आल्या आणि नवऱ्यासमोर बसल्या. रागावल्या असतील असं पद्मनाभरावांना वाटलं, पण त्यांचा चेहरा दुखावलेला दिसत होता.

"भीती वाटते, हे मला कधी सांगितलं नाहीत," त्या म्हणाल्या.

"गोळीचं तर तुला माहीत होतं ना."

"गोळीचं माहीत होतं. ती कशासाठी ते मी विचारलं की तुम्ही म्हणायचात, काही नाही, तू त्यात पडू नको. मग मी आपलं धरून चालले, की माझंच काहीतरी चुकतं. माझ्याशी लग्न करून या माणसाला सुख नाही, म्हणून याला रोज गोळी घेऊन झोपावं लागतं. एकोणीस वर्षं, अहो."

पद्मनाभरावांचा पाय अजून हलत होता. ते उठले आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसले.