देव्हाऱ्यातली गोळी

आमच्या घरात पाळी लांबवायची गोळी देव्हाऱ्यात असायची. कुंकवाच्या करंड्याला टेकवून ठेवलेली, चंदेरी पाकिटातली. औषधांच्या डब्यात ती कधी ठेवली गेली नाही, कारण सासूबाईंच्या लेखी ते औषध नव्हतंच. तो नेमाचा भाग होता. घट बसायच्या आधीपासून रोज संध्याकाळी हातपाय धुवायचे, दिवा लावायचा, मग उजव्या हाताच्या तळव्यावर तीर्थासारखी ती गोळी घ्यायची आणि तांब्यातल्या पाण्याबरोबर गिळायची. गिळल्यावर मी नमस्कारसुद्धा करत असे. हे लिहिताना मला हसू येतं आणि रागही येतो.

बेडशाजवळच्या आमच्या वाडीतल्या बायका सातव्या माळेला कार्ल्याच्या डोंगरावरच्या आईकडे अनवाणी चालत जातात. त्याआधीचा नेम कडक. पायात चप्पल नाही, कांदा-लसूण नाही, दिवसातून एकदाच जेवण, निजायला जमिनीवर घोंगडी. हा नेम मला मनापासून आवडतो, हे आधीच सांगून टाकते. शाळेतही मी अनवाणीच जाते. फळ्यापाशी उभं राहिलं की फरशीचा गारवा तळव्यातून वर चढतो आणि आपण वर्षभर किती फालतू गोष्टींनी भरून गेलो होतो, ते कळतं. माझं भांडण नेमाशी नाही.

मी शिक्षिका आहे. सातवीच्या मुलींना वर्गात बसवून पाळी म्हणजे काय ते मीच समजावते. विटाळ वगैरे काही नसतं, असं फळ्यावर ठळक अक्षरात लिहिते. आणि त्याच दिवशी संध्याकाळी घरी येऊन गोळी गिळत असे. उलट्या व्हायच्या, पोटऱ्या दुखायच्या, नवरात्र उठलं की पुढचे कितीतरी दिवस अंथरुणातून उठवत नसे. मी कुणाला बोलले नाही. न बोलणं हा माझा स्वभाव आहे, लोक त्याला समजूतदारपणा म्हणतात.

काही वर्षांपूर्वी निवडणुकीच्या प्रशिक्षणाला मला वडगावला जावं लागलं. घरी यायला उशीर झाला. गोळी देव्हाऱ्यात, आणि ती पर्समध्ये टाकून न्यायची सोय नव्हती, कारण सासूबाईंच्या मते पर्स म्हणजे चामडं. त्या दिवशीची गोळी चुकली. दुसऱ्या दिवशीही तेच. सातव्या माळेला अर्धा डोंगर चढून गेल्यावर मला पाळी आल्याचं कळलं. हातात घरची ओटी होती. मागे परत फिरायचं तर सगळ्यांना सांगावं लागलं असतं. मी नाही फिरले. गाभाऱ्यासमोर गेले, ओटी भरली, कपाळ टेकलं आणि खाली उतरले.

त्यानंतर आठवडाभरात सासूबाई न्हाणीत पडल्या आणि त्यांचा खुबा मोडला.

मी काय मानते आणि काय मानत नाही, याचा त्या दिवसापासून मला स्वतःलाच पत्ता लागेना. फळ्यावर मी तेच लिहीत राहिले. घरी मात्र सासूबाईंचे पाय चेपायला बसले की मनात एकच असायचं, की हे माझ्यामुळे झालं. भाकरी त्यांच्यापुढे मोडून ठेवायची, केस विंचरायचे, रात्री दोनदा उठून पाहायचं. वाडीत नाव झालं, सून असावी तर अशी. दर कौतुकाला माझी मान आणखी खाली जायची.

हे सगळं आज लिहायचं कारण माझी स्वतःची सून.

ती लोणावळ्याला एका हॉटेलात स्वागतकक्षात काम करते. लग्नानंतरचं हे तिचं पहिलं नवरात्र, म्हणजे घरची ओटी तिच्या हातून जायची. तिनं नेम असा धरला की मीच चकित झाले. हॉटेलात अनवाणी चालत नाही म्हणून मॅनेजर ओरडला, तर ही काउंटरच्या मागे बूट काढून उभी राहायची आणि पुढे यायची वेळ आली की सोबतच्या मुलीला पाठवायची. एक वेळ जेवून उभ्याची नोकरी केली. तिला आईकडे जायचंच होतं. लहानपणापासून ती डोंगर पायथ्यावरूनच बघत आली होती.

पण तिची तारीख नेमकी त्याच दिवसांत येत होती. आणि तिला असल्या गोळ्या द्यायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी आधीच्या एका दुखण्यात स्पष्ट सांगितलेलं होतं.

सासूबाई खुब्यामुळे आता चालत येत नाहीत, पण कोण जाणार ते त्याच ठरवतात. त्या दिवशी त्या ओट्याजवळ खुर्चीत बसून भगर निवडत होत्या. सुनेनं बिचकत डॉक्टरांचं सांगितलं.

"मग ऱ्हा घरी," त्या म्हणाल्या. "त्यात काय एवढं? वटी तुजी सासू नील."

"आज्जी, पण मी सगळं पाळलंय."

"आगं पाळलंस ते ऱ्हाऊ दे बाजूला. अडचन ती अडचन. न्हाईतर घे गोळी. एका गोळीनं कोन मेलंय? हिला इचार, हिनं किती वर्सं घेतल्यात."

सून माझ्याकडे बघून म्हणाली, "मम्मी, तुम्हाला काहीच त्रास झाला नाही?"

आजवर मी अशा वेळी पदर सावरून कामाला लागले असते. त्या दिवशी गॅस बंद केला.

"झाला," मी म्हणाले. "आणि आत्या, एका वर्षी मी तशीच गेले होते. ओटी घेऊन. आईच्या पुढ्यात."

सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांचा ताटातला हात थांबला.

"कंच्या वर्षी?"

"तुम्ही पडलात त्या वर्षी."

त्या म्हणाल्या, "म्हंजी माजं हाड तू मोडलंस."

"हाड न्हाणीतल्या साबणाच्या पाण्यानं मोडलं. मलाही तुमच्यासारखंच वाटत होतं. इतकी वर्षं वाटत होतं. आता नाही वाटत."

"आनि मी आपली गावभर सांगत फिरले, सून लय गुनाची. पायाशी बसून आसायची."

"गुणाची नव्हते आत्या. भ्याले होते."

त्यांनी भगरीचं ताट बाजूला सारलं. "हिला न्यायची न्हाई. माजा सबूद हाय."

"नेणार," मी म्हणाले. "गोळी न देता नेणार. आणि ओटी तिच्याच हातात असणार."

माझा आवाज चढला नव्हता. पण लग्न होऊन या घरात आल्यापासून आत्यांच्या 'न्हाई'पुढे माझं 'हो' पहिल्यांदाच उभं राहिलं होतं, आणि ते मला मागे घ्यायचं नव्हतं.

सातव्या माळेच्या आदल्या दिवशी तिला पाळी आली. रात्री घोंगडीवर पडल्या पडल्या तिनं विचारलं, "मम्मी, आईला चालेल ना पण खरंच?"

"मला माहीत नाही," मी खरं ते सांगितलं. "तू नेम मोडलेला नाहीस, एवढं मला माहीत आहे."

सकाळी ओटीचं ताट रिकामं होतं. दरवर्षी ते आत्या भरतात. यंदा त्या भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी कपाट उघडलं, माझी नवी साडी काढली, तांदूळ घेतले, नारळ घेतला, हाताला लागला तो खण घेतला. सुनेच्या हातात ताट दिलं. आम्ही उंबऱ्यापर्यंत पोचलो.

"त्यो खन जांभळा हाय," मागून आवाज आला. मी वळून पाहिलं तर आत्यांचं तोंड पुन्हा भिंतीकडे होतं. "हिरवा घ्या. आनि नारळाची शेंडी उपटली का काय मेल्यांनी? बघून घ्यावा मानसानं."

मी खण बदलला, नारळ बदलला. आम्ही निघालो.

वाटेत शेजारच्या मावशी सुनेला चिडवत होत्या, "काय गं, हाटेलातले पाय तुजे, डांबरावर सोलून निगतील! मास्तरीनबाई, हिला खांद्यावर घ्या." सून हसत होती. खडी टोचली की ओठ दाबायची, ताट मात्र हलू देत नव्हती. पायऱ्यांवर मुंबईचे लोक फोटो काढत थांबले होते, त्यांच्यातून वाट काढत आम्ही वर गेलो. रांग संपली, तिनं ओटी ठेवली, हात जोडून डोळे मिटले. "चला चला, पुढं सरका," असं रांग लावणारा ओरडला. आम्ही पुढे सरकलो.

घरी आल्यावर आत्यांनी प्रसाद हातात घेतला नाही. "ठेव तितं," म्हणाल्या. मी ठेवला. आत्यांनी सुनेसाठी आणवून ठेवलेलं देव्हाऱ्यातलं गोळ्यांचं पाकीट मात्र उचललं.

"कुटं चाललीस?"

"फेकायला."

"आगं, न फोडलेलं हाय, मेडिकलवाला परत घील की!"

मी ते कचऱ्यात टाकलं.

दिवाळीच्या आधी आत्यांना ताप भरला. शेजारच्या मावशी बघायला आल्या आणि बोलता बोलता त्यांची नजर सुनेवर गेली. ती पाळीत डोंगरावर गेल्याचं त्यांना कुणी सांगितलं, मला माहीत नाही. सुनेचा चेहरा उतरला. तोच चेहरा मी इतकी वर्षं आरशात पाहिला होता.

"मावशी," मी अंगणात ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वाडीत घरटी एक जण तापानं पडलाय. त्यांच्या घरच्या बायकांना जाऊन विचारा, कोण कधी बाहेर बसली होती ते. आणि पुढच्या वर्षीही ती येणार आहे. मीही."

मावशी चहा न घेताच गेल्या. मी आत आले, आत्यांच्या पायाशी बसले आणि चेपू लागले. आता मनात काहीच येत नव्हतं. बाहेर कुणाचं तरी ट्रॅक्टर चालू होतं, त्याचा आवाज ऐकत होते. हात आपोआप चालले होते.

आत्यांनी डोळे न उघडता म्हटलं, "जरा जोर लाव गं. पैली भिऊन तरी चांगली दाबायचीस."