खिडकीखालची ओली टाइल

कुलूप नवं होतं, चावी एकच होती आणि ती बिल्डर पंकजभियाच्या खिशात होती. तरी आम्ही आत शिरलो तर खिडकीखालच्या टाइलवर ओलं कुंकू, थोडे गव्हाचे दाणे आणि पाण्याचा ओघळ.

"कोण येऊन गेलं इथं?" मी विचारलं.

"अरे मॅडमजी, बिल्ली-विल्ली होगी," म्हणत पंकजभिया बुटानं कुंकू पुसायला लागला.

मांजर कुंकू वाहते हे मी या धंद्यात पहिल्यांदाच ऐकलं.

मी वॅल्युअर आहे. कुणी घर घ्यायला लोन मागितलं की बँक आम्हाला पाठवते. घर कागदावर आहे तसं जमिनीवर आहे का, बांधकाम धड आहे का, किंमत काय येईल, एवढं बघून रिपोर्ट द्यायचा. जन्म इंदूरचा, आजोबा होळकरांच्या पदरी कारकून, त्यामुळे 'जुनी इंदूर' या मोहल्ल्याच्या गल्ल्या मला पाठ. तिथल्याच एका जुन्या इमारतीमागचं आंगण पंकजभियानं विकत घेतलं आणि त्यावर स्टुडिओ अपार्टमेंट बांधलं. स्टुडिओ म्हणजे एकच खोली. झोपणं, रांधणं, बसणं सगळं तिच्यातच, फक्त बाथरूमला दार. आमच्या आईच्या भाषेत बिऱ्हाडाची खोली, पण तसं म्हटलं की भाव पडतो.

घेणारी होती प्रज्ञा. महूची मुलगी, वडील फौजेतून रिटायर्ड, ती इथं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये. शहरात भाड्यानं खोली बघायला गेली की घरमालक आधी हसायचे, मग "पूरा नाम क्या बताया?" विचारायचे, आणि आडनाव ऐकलं की कुणाचा तरी भाचा राहायला येणार असायचा. "ताई," ती मला म्हणाली होती, "स्वतःच्या घरात शिरताना तर कोणी आडनाव नाही विचारणार ना?" हे ऐकल्यावर मला तो रिपोर्ट चांगला द्यायचा होता. खोटं कशाला बोलू?

मोजमाप बरोबर निघालं. मग मी पिशवीतून लोखंडी सळी काढली आणि टाइल्स ठोकत गेले. टाइलखाली सिमेंट-वाळूचा मसाला नीट भरलेला नसला की आवाज बद्द येतो, म्हणून आम्ही हे करतो. खोलीभर ठीक होतं. खिडकीजवळ आले, ठोकलं, आणि आवाज थांबलाच नाही. माझी सळी वर उचललेली होती आणि खालून कुणीतरी हळूच परत ठोकल्यासारखं झालं.

मी पुन्हा ठोकलं. पुन्हा तेच. जरा थांबून, खोलातून.

"मसाला कम पड़ गया होगा," पंकजभिया दारातून म्हणाला. आता आठवतं, तो खिडकीकडे एकदाही आला नाही.

मी चप्पल काढून तिथं उभी राहिले. बाहेर मे महिन्याची आग, छतावरचं पत्र्याचं शेड तापून कडकड करत होतं, आणि ती टाइल माठाखालच्या जमिनीसारखी गार. पायातून गारवा गुडघ्यापर्यंत चढला. माझ्या अंगावर सर्रकन काटा आला, आणि मी भुताखेताला मानणारी बाई नाही.

रिपोर्ट मी रोखून धरला. बँकेतल्या लोन मॅनेजरचा फोन आला, "मॅडम, इशू क्या है?"

"फ्लोअर पोकळ वाजतोय."

"और?"

"कुंकू आहे. कोण टाकतं कळत नाही."

"देखिए, पूजा-पाठ रिपोर्ट में मत लिखना." त्यानं फोन ठेवला.

पुढच्याच आठवड्यात भर दुपारी प्रज्ञाचा फोन. पडद्यांचं माप घ्यायला म्हणून तिनं पंकजभियाकडून चावी घेतली होती. तिचा आवाज अगदी बारीक झालेला.

"ताई, आमच्या घरी हे असलं काही मानत नाहीत. मी पण नाही मानत. पण खिडकीतून हात आला."

"कसला हात?"

"बाईचा. हिरव्या बांगड्या. जाळीतून आत आला, खाली पाणी ओतलं आणि गेला. चेहरा नाही दिसला. बाहेर कुणीतरी गातंय. अजून गातंय, ताई."

"दार उघडं ठेव आणि बाहेर येऊन उभी राहा. मी आलेच."

मी पोचले तेव्हा ती रस्त्यात उभी होती, हातात टेप घट्ट धरून. गाणं खरंच येत होतं. बायकांचं, संथ, मागच्या बाजूनं. आम्ही इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत गेलो. गल्ली उंच आणि खिडकी बुटकी, त्यामुळे जाळी गल्लीच्या जमिनीलाच टेकलेली. तिथं पाच-सात बायका बसलेल्या. मधे पिवळ्या ओढणीचा घूंघट घेतलेली कोवळी बाळंतीण, पुढ्यात तांब्याचा लोटा. एकीनंही आमच्याकडे मान वळवली नाही. बाळंतिणीनं जाळीतून हात घातला, कुंकवाचं बोट पुसलं, गहू टाकले. मग गाणं बंद झालं आणि सगळ्या एकदम गप्प बसल्या, कान देऊन. कशाची वाट बघत होत्या कोण जाणे. प्रज्ञानं माझा दंड धरला.

शेवटी त्यांच्यातल्या एका म्हातारीनं वर पाहिलं. "बहू को जलवो है, बई," ती म्हणाली.

जलवा म्हणजे माळव्यातली रीत. बाळंतपणानंतर सून पहिल्यांदा पाण्यावर जाते, विहिरीची पूजा करते, मगच घरातल्या पाण्याला हात लावते. मागच्या वेळचं कुंकू आणखी कुणा सुनेचं असणार.

"पण इथं विहीर कुठंय, माँजी?" मी विचारलं.

म्हातारीनं जाळीतून आत, प्रज्ञाच्या होणाऱ्या पलंगाच्या जागेकडे बोट दाखवलं. "या रही. म्हाकी बावड़ी." ही काय, आमची बावडी, पायऱ्यांची जुनी विहीर.

"मग ती तर बुजवली असेल ना?"

"बुजाई कां, बई? पत्थर मेल के ढांक दी. बुजेली के कूण पूजे? बुजाई देता तो हम दूसरो पाणी देखता."

म्हणजे बुजवली नव्हतीच, नुसते दगड ठेवून झाकली होती; बुजवलेलीला पुजतं कोण? झाकलेली बावडी काय करू शकते हे इंदूरात कुणाला सांगावं लागत नाही. इथल्याच एका मंदिरात अशा बावडीवरची जमीन खचून पूजेला बसलेली कितीतरी माणसं बुडाली, शहर अजून ते विसरलेलं नाही.

मी तिथूनच पंकजभियाला फोन लावला. "भिया, एक टाइल काढायची आहे."

"तोड़ोगे तो लगाएगा कौन? बावड़ी कब की भर दी, मेरी बात मानो."

"भरली असेल तर उत्तमच. नाहीतर मी लिहिते, मालकानं बघू दिलं नाही."

तो आला. मिस्त्रीही मीच बोलावला. पण टाइलला हात लागण्याआधी प्रज्ञाच माझ्यावर उखडली. "ताई, लोकं राहतातच ना जुन्या जागेवर? सगळ्यांना माझ्याच वेळेला काहीतरी सापडतं. आधी नाव, आता जमीन. तुम्ही पण त्यांच्यातल्याच." मला फार लागलं ते. मिस्त्रीला म्हटलं, कर सुरू.

मिस्त्रीनं टाइल उचलली. खाली काँक्रीटचा थर, पापडाएवढा पातळ म्हणा ना. त्याखाली दगडी लाद्या शेजारी शेजारी टाकलेल्या, आणि मधल्या लादीला आडवी चीर. चिरेतून गार हवा वर आली, शेवाळाच्या वासाची. मिस्त्रीच्या हातातून टाइलचा एक तुकडा निसटला, घरंगळला आणि चिरेत गेला.

मी कान दिला. पंखा बंद होता. मला वाटलं, अडकला असेल कुठंतरी.

मग खालून आवाज आला. डुब्बक.

मी आणि प्रज्ञा, न ठरवता, भिंतीला चिकटलो. मिस्त्री रांगत मागं सरकला. पंकजभियाकडे बघावं म्हणून मान वळवली, तर तो केव्हाच उंबऱ्याबाहेर उभा होता.

"नालायका, तुला माहीत होतं!" मी ओरडले. सरळ मराठीत ओरडले, आणि त्याला ते व्यवस्थित कळलं.

रिपोर्ट त्याच दिवशी गेला: जागा राहण्यास धोकादायक, खाली उघडं पाणी, लोन देऊ नये. लोन नामंजूर झालं. नगर निगमला मी वेगळं कळवलं, त्यांनी येऊन खोलीला सील लावलं. पंकजभिया आता रस्त्यात दिसला तर दुसऱ्या बाजूनं जातो, जाऊ दे. लोन मॅनेजरनं फोन करून "गुड कॅच, मॅडम" म्हटलं. पूजा-पाठाचं मी रिपोर्टात लिहिलं नव्हतं, पण म्हातारी नसती तर मी पोकळ मसाला म्हणून शेरा मारून मोकळी झाले असते. तेव्हापासून जुन्या मोहल्ल्यात गेले की आधी आसपासच्या बायकांना विचारते, सून आली की पाण्याला कुठं नेता? आमच्या धंद्यातली पोरं हसतात. हसोत बापडी.

प्रज्ञाला अजून घर मिळालेलं नाही. परवा फोनवर म्हणाली, एकानं परत भाचा येणार म्हणून सांगितलं. "जीव वाचला बघ तुझा," हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी ते गिळले. तिनं माझ्याकडे घर मागितलं होतं.