सकायचा डबा

खून, दरोडे, दंगली नोकरीत पुष्कळ पाहिल्या. आता त्या डोक्यात एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. कुठला आरोपी कुठल्या ठाण्यातला हे सांगताना माझी गफलत होते आणि घरचे हसतात. ही एक घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते. गंमत अशी, की तीत गुन्हा म्हणावा असं काही नव्हतंच.

तेव्हा मी मोताळा तालुक्यातल्या एका ठाण्याचा ठाणेदार होतो. बाजाराच्या दिवशी ठाण्यात गर्दी जास्त, कारण बाजाराला आलेला माणूस त्याच फेरीत तक्रारही देऊन जातो. सकाळची हजेरी उरकून मी स्टेशन डायरी पाहत बसलो होतो. तेवढ्यात बाहेर ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळ हसणं ऐकू आलं. आमचे हवालदार माणूस चांगले, पण हसू दाबणं त्यांना कधी जमलं नाही.

"साहेब," ते आत येऊन म्हणाले, "बाहेर एक बाई आल्या. म्हनतात, माह्या फोनात अनोळखी लोकं येऊन राह्यले."

बाईला आत बोलावलं. पाहताक्षणी ओळखलं. धामणगाव बढेजवळच्या खेड्यातली, पन्नाशीची, नवरा वारलेला. तिच्या एकुलत्या एक मुलाची बेपत्ता नोंद आमच्याच ठाण्यात होती आणि ती फाइल माझ्याच कपाटात धूळ खात पडली होती.

मुलाची हकिगत थोडक्यात सांगतो. पोरगा कित्येक वर्षं पोलीस भरतीची तयारी करत होता. एक दिवस घरी येऊन म्हणाला, "माय, मी लागलो." आईनं गावभर पेढे वाटले. विहारात सत्कार झाला. चौकात खाकी टोपीतल्या त्याच्या फोटोचा अभिनंदनाचा बॅनर लागला. मग ट्रेनिंगला म्हणून तो बॅग घेऊन निघाला. थोडे दिवस त्याचे फोन आले, नंतर नंबरच बंद झाला. आईनं आपल्या भावाला घेऊन ट्रेनिंग सेंटर गाठलं, तेव्हा उत्तर मिळालं की या नावाचा मुलगा आमच्याकडे आलेलाच नाही. आम्ही कॉल रेकॉर्ड मागवलं, रेल्वे पोलिसांना कळवलं, दवाखाने तपासले. काहीच हाती लागलं नाही.

"जयभीम साहेब," बाई बसत म्हणाली. "मी काई येडी नाही. भावाचा नंबर पाहाले गेली तं मधातच हे लोकं दिसले. 'खोलीवाला' कोन हाय? मले खोली करून काय करा लागते? म्या ते नाव काढून टाकलं. तं दोन दिवसानं पुन्हा आलं साहेब. जसंच्या तसं."

हवालदार पुन्हा हसले. मी हसलो नाही. ठाण्यात येणारा माणूस महत्त्वाची गोष्ट नेहमी शेवटी आणि चुकून सांगतो, हे मला अनुभवानं ठाऊक होतं. पुसलेलं नाव त्याच अक्षरांत परत आलं असेल, तर ते कुणीतरी परत लिहिलं असणार.

बुलढाण्याहून सायबर शाखेतली एक महिला शिपाई त्याच दिवशी दुसऱ्या कामासाठी आली होती. तरुण, हुशार आणि बोलण्यात जरा तडतडी. तिनं बाईचा फोन हातात घेतला आणि लगेच सांगितलं, "साहेब, यातलं खातं या ताईंचं नाहीच. दुसऱ्याच्या खात्यावर यांचा फोन चालतोय. त्यानं तिकडे नंबर सेव्ह केला की इकडे दिसतो. इकडे पुसला की तिकडचाही जातो."

"खातं म्हंजे?" बाईनं विचारलं. "बँकेचं तं माह्याच नावानं हाय."

"बँकेचं नाही ताई. फोन नवा घेतल्यावर त्यात ई-मेल आणि पासवर्ड टाकतात ना, ते. तुमचा पासवर्ड काय?"

"मले काय माहीत? फोन पोरानंच सुरू करून देला होता."

आपल्याकडे घरोघरी हेच आहे. पोरानं स्वतःच्याच खात्यावर आईचा फोन सुरू करून दिला. पासवर्ड विचारावा हे आईच्या डोक्यात आलं नाही, सांगावा हे पोराच्याही आलं नाही.

शिपाई मुलीनं त्या खात्यावर कोणकोणते फोन चालू आहेत ते उघडून दाखवलं. एक बाईच्या हातातला. दुसऱ्याच्या खाली लिहिलेलं होतं, की तो आजच वापरलेला आहे. त्याच्यासमोर त्याला खात्याबाहेर काढण्याचं बटण होतं.

"अनोळखी फोन दिसला की आधी बाहेर काढायचा, हे आम्ही रोज शिकवतो," असं म्हणत तिनं अंगठा तिकडे नेला.

"हात काढ!" मी ओरडलो. एवढ्या जोरात, की बाहेरचे लोक आत डोकावले. पोरीनं अंगठा झटकन मागे घेतला. नंतर मी तिची समजूत घातली. महिनोन्‌महिने कपाटात पडलेल्या फाइलला पहिल्यांदा धागा मिळत होता आणि तो आमच्याच अंगठ्यानं तुटत होता.

पोरगी हळूच म्हणाली, "पण साहेब, वापरणारा तोच कशावरून? फोन चोरीला गेला असेल, विकला गेला असेल."

तिचं बरोबर होतं. पण ती हे आईसमोर बोलली. बाईनं पदर तोंडाशी धरला आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली, की आता मी जे सांगेन तेच खरं होणार आहे. मी फोन घेतला आणि एकेक अनोळखी नाव वाचत गेलो. खोलीवाला. सुपरवायझर नवा. गेटवाला काका. आणि मग एक नाव आलं: 'सकायचा डबा'.

मी मूळचा अमडापूरकडचा. आम्ही शाळेला 'शाया' म्हणायचो आणि त्यासाठी गुरुजींचा मार खायचो. सकाळला 'सकाय' आमच्याच मुलखात म्हणतात, आणि तसं लिहितो तोही आमच्यातलाच. मुंबईचा चोर किंवा सुरतेचा जुन्या फोनांचा व्यापारी डबेवाल्या बाईचा नंबर 'सकायचा डबा' म्हणून ठेवणार नाही.

"ताई, पोरगं घरी सकाळला काय म्हणते?" मी विचारलं.

"सकायच म्हन्ते. दुसरं काय म्हनन?"

फोन तिच्यासमोर धरला. तिनं ती अक्षरं वाचली आणि स्क्रीनवरून बोट फिरवायला लागली. मी घाईनं फोन मागे घेतला, कारण बोट लागून पुसलं जायचं. "पहा," मी म्हणालो, "पण काही पुसू नका." ती 'हाव' म्हणाली आणि रडायला लागली. हवालदारांनी स्वतः उठून पाणी आणलं. जाताना तिनं माझा नंबर मागून घेतला.

दुसऱ्या दिवशी मलकापूरला गेलो. मुलाचा जिवलग मित्र तिथे मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवत होता. बेपत्ता नोंदीच्या वेळी त्यानं जबाबात "मला काहीच माहीत नाही" एवढंच सांगितलं होतं. मी आवाज चढवला नाही. चहा मागवला. समोरचा चहा थंड होईपर्यंत जो कपाला हात लावत नाही, त्याच्या पोटात काहीतरी असतं. याच्या चहावर साय धरली.

"बॅनरवरच्या फोटोत टोपी कोणी बसवली?" मी विचारलं.

त्यानं मान खाली घातली. "म्याच, साहेब. तो म्हने, माय लय वाट पाहून राह्यली बे, एक डाव तिले खूश होऊ दे. थोडक्यासाठी राह्यला होता तो, आन् वयबी निंगून गेलं होतं. मले वाटलं, घरात दाखवन अन् मंग खरं सांगन. त्याच्या मामानं तोच फोटो चौकात लावला."

"आता कुठे आहे?"

"पुन्याकडं कंपनीत हाय म्हने. जागा नाही सांगत, दर डाव दुसऱ्याच्या फोनावरून बोलते. म्या म्हनलं, मायले फोन कर. तं म्हन्ते, कोनत्या तोंडानं करू?"

मी 'सकायचा डबा' नंबर लावला. पुण्याजवळच्या एका औद्योगिक वसाहतीतली बाई बोलली. डबा लावायचा आहे असं सांगून पत्ता घेतला. जिल्ह्याबाहेर जायचं म्हणजे वरिष्ठांची परवानगी लागते, आणि शोधायचा माणूस सज्ञान, गुन्हा काही नाही, म्हणून कागद रेंगाळला. तेवढ्यात एका सकाळी पहिल्या एसटीनं बाई ठाण्यात हजर. चपला तुटलेल्या, धाप लागलेली.

"साहेब, 'दवाखाना' आला."

फोनात नवीन नाव होतं, 'दवाखाना'. बस एवढंच. आईचा जीव त्या चार अक्षरांत अडकला होता. काय झालं असेल, कोण जवळ असेल, काहीच कळायला मार्ग नव्हता. मी वरिष्ठांना फोनवर जरा जास्तच बोललो आणि त्याच दिवशी निघालो.

डब्याच्या खानावळीसमोर साध्या कपड्यांत उभा राहिलो. दुपारी पाळी सुटल्यावर पोरगा आला. उजव्या हाताला पट्टी, मशीनवर कापलेलं. माझी उभं राहण्याची ढब त्यानं पाहिली असावी. ओळख सांगायच्या आधीच तो टाच जुळवून सावधान उभा राहिला. खरं सांगतो, एक ठेवून द्यायची असं ठरवूनच मी गेलो होतो. त्याला तसा उभा पाहिला आणि माझा हातच उठला नाही.

शेजारच्या चौकीत त्याचा जबाब घेतला: घर स्वखुशीनं सोडलं, कोणाविरुद्ध तक्रार नाही, पत्ता घरच्यांना सांगू नये. सज्ञान माणसानं असं लिहून दिलं की पोलिसाचे हात बांधले जातात. सही झाल्यावर मी म्हणालो, "एक गोष्ट तुला सांगणं भाग आहे. तुझ्या फोनातली नावं तुझ्या आईच्या फोनात दिसतात. खातं तुझं आहे. नको असेल तर तिचा फोन काढून टाक, पासवर्ड बदल. कसं करायचं ते मी दाखवतो."

तो पट्टीकडे पाहत म्हणाला, "मले माहीत हाय, साहेब. पह्यल्यापासून. तिचीबी माह्या फोनात येतात ना. गॅसवाला नवा आला तिच्याकडं. डोयाचा डॉक्टर आला. मंग एक दिवस 'ठानेदार साहेब' आले, तवाच समजलो का तुम्ही येसान."

"मग बंद का नाही केलं?"

"बंद केलं असतं तं माय कशी हाय, हे कसं समजलं असतं?"

'खोलीवाला' गेला त्या दिवशी तो समजला होता की आईनं पुसलं. त्यानं पुन्हा लिहिलं. इकडे आई रोज त्याची नावं वाचत होती, तिकडे तो तिची. मध्ये चौकातला तो बॅनर उभा होता आणि दोघांपैकी कोणालाही तो ओलांडता येत नव्हता.

परत येऊन बाईला नियमानुसार सांगितलं: मुलगा सुखरूप आहे, पत्ता सांगता येत नाही.

"तुम्ही पाह्यलं ना त्याले डोयानं?"

"पाहिलं. हाताला लागलंय थोडं. भरून येईल."

"सुकला का?"

"थोडा."

तिनं पत्ता विचारलाच नाही. ती उठली, तेव्हा मात्र मला राहवलं नाही. नियमात बसतं की नाही याचा विचार न करता म्हणालो, "ताई, फोनात नावं नीट लिहीत जा. कोणीतरी वाचतं."

तिनं फोन पदरात गुंडाळला आणि ती गेली. पुढे तिनं काय केलं, ते मला सायबरच्या पोरीनं सांगितलं, कारण नंबराशिवाय नुसतं नाव कसं टाकायचं, ते बाई तिच्याकडूनच शिकली. बाईनं तशी नावं टाकायला सुरुवात केली. 'बॅनर काढला'. काही दिवसांनी 'म्या सोता काढला'. मग 'कोनी काई म्हनत नाही'.

तिकडून काहीच येईना. नवीन नाव नाही, जुनं जात नाही. ती बाजाराच्या दिवशी ठाण्यात यायची, पायरीवर बसून फोन उघडायची, पाहायची आणि जायची. मी खिडकीतून पाहायचो. त्या काळात आमच्या घरी एकच विषय होता, माझी बायको जेवायला वाढताना विचारायची, "आलं का हो काही?" दुसऱ्या कुठल्याच केसमध्ये मी एवढा गुंतलो नव्हतो. निवृत्तीचे कागद पुढे सरकत होते आणि ही वाट पाहणं संपायच्या आधी खुर्ची सोडावी लागणार, हे मला टोचत होतं.

निवृत्त झालो. आता महिला मंडळात, शाळेत सायबर सुरक्षेवर बोलायला बोलावतात. जातो. घरातल्या प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवा, पासवर्ड आपल्याला माहीत हवा, आपल्या खात्यावर कोणते फोन चालू आहेत ते अधूनमधून पाहत जा, अनोळखी दिसला तर काढून टाका. सगळं खरं आणि गरजेचं आहे, आणि मी ते ठासून सांगतो. पण काढून टाकायच्या आधी तो फोन कोणाचा असू शकतो याचा एकदा विचार करा, एवढं एक वाक्य त्यात माझ्या पदरचं असतं. या केसनं मला तेवढंच शिकवलं. घर सोडून गेलेला माणूस सगळी दारं लावून जात नाही, आणि उघडं राहिलेलं दार पोलिसानं घाईत लावू नये.

बाई मला भेटायला बुलढाण्याला घरी आली, ती निवृत्तीनंतर. बसायच्या आधीच फोन पुढे केला. यादीत नवीन नाव होतं: 'मी'. त्याखाली नंबर.

"लावला का?" मी विचारलं.

"नाही. कामावर असन. अन् मले भेव वाटते साहेब. म्या लावला अन् त्यानं उचलला नाही तं?" मग ती जराशी लाजून म्हणाली, "म्या फक्त नाव बदललं. 'मी' काढून त्याचं घरचं नाव लिवलं. लहानपनचं."

ते नाव मी इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.

चहा घेऊन ती गेली. दुसऱ्या दिवशी तिचाच फोन आला. आदल्या संध्याकाळी त्यानं लावला होता म्हणे. तिनं उचलला, तसा तो म्हणाला, "माय, माह्या फोनात हे नाव कोनं बदललं?"

ती म्हणाली, "मी."