एफ वन दाबा, मामाजी

मोर्शीजवळच्या आमच्या गावात किसनरावांची शेवंतीची आणि झेंडूची फुलशेती आहे. माणूस मोजकंच बोलणारा. भजनी मंडळात ते खंजिरी वाजवतात, मी टाळ. मंडळातल्या बहुतेकांचे डोळे आता अधू झालेत. छापील पुस्तक दिव्याखाली धरलं तरी अक्षर लागत नाही. म्हणून किसनरावांनी घरच्या कॉम्प्युटरवर एकेक भजन मोठ्या अक्षरांत टाइप करायला घेतलं होतं. तेही एका बोटाने. एखादं जोडाक्षर अडलं की अर्धी सकाळ त्यातच जायची.

हा कॉम्प्युटर सुनेने आणलेला. मंजुषा अकोल्याची. लग्नाआधी ती टायपिंगची कामं घ्यायची, त्या वेळचा तिचा जुना कॉम्प्युटर तो. सासऱ्यांना टाइप करायला शिकवलं तेही तिनेच. पण तिचं आणि गोपालचं जमलं नाही. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. एका घरात राहून दोघं एकमेकांना परकी होत गेली आणि शेवटी कोर्टातून रीतसर वेगळी झाली. गोपाल नोकरीसाठी पुण्याला गेला. मंजुषा सामान घेऊन अकोल्याला परतली. कॉम्प्युटर तेवढा तिने मागे ठेवला, कारण किसनरावांची भजनं अर्धी राहिली होती. त्यानंतर घरात तिचं नाव निघालं की माणिकबाई, म्हणजे किसनरावांच्या घरच्या, उठून आत जायच्या. राग होता की दुःख, ते त्यांनी कुणाला कळू दिलं नाही.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास एका सकाळी कॉम्प्युटर सुरूच होईना. काळ्या पडद्यावर पांढरी इंग्रजी अक्षरं आली आणि तिथेच थांबली. मोर्शीच्या एका दुरुस्तीवाल्याला फोनवर विचारलं, तर तो म्हणाला, सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल. सगळं म्हणजे भजनंही. मंडळ जिथे दरवर्षी भजनं म्हणायला जातं, तो मोझरीचा पुण्यतिथी महोत्सव तोंडावर आलेला. शेवटी किसनरावांनी मंजुषाला फोन लावला. ती गेल्यापासूनचा हा पहिलाच फोन.

तिने फोन उचलला. आता यांना काय म्हणून हाक मारावी हेच सुचेना, असं तिने पुढे मला सांगितलं. मग जुनीच हाक तोंडात आली.

"बोला, मामाजी."

त्यांनी तब्येत विचारली नाही, की आणखी काही नाही. कॉम्प्युटरचं सांगितलं. तिने शेवटची ओळ वाचायला लावली. इंग्रजी शब्द त्यांना वाचता येत नसत, पण अक्षरं ओळखू यायची. पी, आर, ई, मग दोनदा एस. पुढे कुठेतरी एफ आणि एक.

"एफ वन दाबा म्हणून राहिला तो, मामाजी. सगळ्यात वरच्या रांगेत पाहा, डाव्या हाताले."

त्यांनी दाबलं आणि पडदा उजळला. भजनं जागच्या जागी होती. तारीख मात्र फार जुनी दिसत होती, मंजुषा घरात यायच्याही आधीची. तिने समजावलं, की डब्याच्या आत रुपयाएवढा एक सेल असतो, वीज बंद असली तरी तारीख आणि वेळ तो सांभाळतो. तो संपलाय. बदलेपर्यंत मशीन रोज अडेल, रोज एफ वन दाबायचं. सेल घड्याळाच्या दुकानात मिळतो, कुणीही बसवून देईल.

दुसऱ्या सकाळी पुन्हा फोन. तीच अक्षरं, तेच उत्तर. त्याच्या पुढच्या सकाळीही तेच. तेव्हा मंजुषाच्या लक्षात आलं. एका बोटाने जोडाक्षरं शिकलेला माणूस एक बटण विसरणार नाही. तिने तसं बोलून दाखवलं नाही. अकोल्याच्या जठारपेठेतल्या आपल्या खोलीत ती चहा ठेवायची आणि फोनची वाट पाहायची. एफ वन झालं, की शेवंतीला कळ्या कशा आहेत, अकोल्यात ऊन किती, असं थोडं थोडं बोलणं व्हायचं.

एका सकाळी किसनराव बोलत असताना माणिकबाई दाराशी येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हात पुढे केला आणि फोन घेतला.

"किती दिवस हे एकच बटन दाबत रायतीन? तू येऊन बसवून दे न तो सेल."

गावात येणं बरं दिसणार नाही, लोक बोलतील, असं मंजुषा म्हणाली. माणिकबाईंनी मग दोन्ही गावांच्या मधलं ठिकाण सुचवलं.

"मंग आमी येतो अमरावतीले."

रविवारी किसनरावांनी कॉम्प्युटरचा डबा फुलांच्या गोणपाटात गुंडाळला. एवढ्याशा सेलसाठी अख्खा डबा कशाला नेता, असं मी विचारलं नाही. एसटीत तो माणिकबाईंनी मांडीवर धरला होता. मंजुषा अकोल्याहून आधीच येऊन स्टँडच्या बाकावर बसली होती. तिने स्क्रू काढले. आतून धूळ निघाली आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या. ते सगळं तिने ओढणीच्या टोकाने पुसून घेतलं आणि सोबत आणलेला नवा सेल बसवला. काम लगेच झालं, पण झाकण लावल्यावरही कुणी उठलं नाही.

माणिकबाईंनी पिशवीतून मुगाच्या डाळीच्या घरच्या मुंगवड्या काढून तिच्याजवळ ठेवल्या.

"वाळून गेली वो तू," त्या म्हणाल्या. मग समोरच्या गाड्यांकडे पाहत हळूच बोलल्या, "तुयं नाव काढलं का मले गोपालचा राग यायचा. पोटचा पोरगा हाये तो. म्हणून नाव काढत नोती. तुयावर राग नोता माया."

मंजुषाने त्यांचा हात धरला. मोर्शीची गाडी लागेपर्यंत तो सोडला नाही.

संध्याकाळी तिने फोनवरून तारीख नीट लावून घेतली. दुसऱ्या सकाळी कॉम्प्युटर न अडता सुरू झाला. किसनरावांनी फोन हातात घेतला आणि परत ठेवला. विचारायला काही उरलं नव्हतं. माणिकबाई आतून पाहत होत्या.

"लावा न," त्या म्हणाल्या, "मुंगवड्या कशा झाल्या ते इचाराचं हाये मले."

गोपाल दिवाळीला आला, तेव्हा किसनरावांनीच त्याला हे सगळं सांगितलं. "बरं केलं, बाबा," एवढंच तो म्हणाला आणि फुलं तोडायला मळ्यात गेला.